डावा हात दुखतो तेव्हा : केव्हा थांबावे, केव्हा धावावे

‘डावा हात दुखतो’ ही तक्रार घेऊन रुग्णालयात येणारे रुग्ण बहुधा दोन प्रकारचे असतात. पहिला रुग्ण हृदयविकाराच्या धास्तीने रात्रभर झोपलेला नसतो, आणि तपासणीअंती त्याचे दुखणे मानेच्या मणक्याचे किंवा खांद्याचे निघते. दुसरा रुग्ण ‘उसण भरली असेल’ म्हणून हाताला बाम चोळतो, ‘गॅस झाला असेल’ म्हणून सोडा घेतो, ‘सकाळी पाहू’ म्हणून रात्र काढतो, आणि हृदयाच्या स्नायूचा काही भाग कायमचा गमावून आमच्यापर्यंत पोहोचतो. पहिल्याची भीती आम्ही दूर करू शकतो. दुसऱ्याचा गेलेला वेळ मात्र कोणत्याही यंत्राने वा औषधाने परत आणता येत नाही. हा लेख प्रामुख्याने या दुसऱ्या रुग्णासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी आहे.

हृदयाचे दुखणे हातात का जाणवते?

हृदयाकडून येणारे आणि हाताच्या आतल्या बाजूकडून येणारे संवेदनावाहक मज्जातंतू छातीच्या वरच्या भागातील मज्जारज्जूमध्ये जवळपास एकाच ठिकाणी येऊन मिळतात. हातापायांच्या वेदना मेंदूला नित्य परिचयाच्या असतात. हृदयाची वेदना तशी नसते. त्यामुळे हृदयाकडून आलेला संदेश मेंदू हाताचाच समजतो. लंडनचे वैद्य विल्यम हेबर्डन यांनी १७६८ साली चालताना छातीत उठणाऱ्या आणि डाव्या दंडापर्यंत पसरणाऱ्या या वेदनेचे वर्णन केले होते. ते आजही आमच्या तपासणीकक्षात जसेच्या तसे ऐकू येते.

हृदयाची वेदना कशी ओळखावी?

ही वेदना सहसा बोटाने दाखवता येत नाही. रुग्ण छातीवर सबंध तळवा ठेवतो. छातीवर दगड ठेवल्यासारखे दडपण, आवळल्यासारखे वाटणे, तेथून डावा हात भरून येणे, जबडा, गळा वा पाठीत कळ जाणे, दरदरून घाम, धाप, मळमळ, जीव घाबरा होणे, ही तिची नेहमीची लक्षणे होत. ती उजव्या हातात किंवा दोन्ही हातांतही जाऊ शकते.

जिना चढताना किंवा जेवणानंतर चालताना हात भरून येत असेल आणि थांबताच काही मिनिटांत बरे वाटत असेल, तर हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याची ती पूर्वसूचना असू शकते. अशा रुग्णाने त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. हीच वेदना विसावा घेऊनही थांबत नसेल, बसल्या जागी येऊ लागली असेल किंवा पंधरा मिनिटांहून अधिक टिकली असेल, तर तो हृदयविकाराचा झटका आहे असेच समजून वागावे.

मधुमेही, वृद्ध आणि स्त्रिया यांच्या बाबतीत विशेष सावध राहावे लागते. त्यांना छातीत दुखेलच असे नाही. केवळ धाप, अकारण थकवा, पोटाच्या वरच्या भागात जळजळ किंवा हाताचे अवघडलेपण एवढेच लक्षण असू शकते. घरातील आई वा आजी दुखणे अंगावर काढत असेल, तर विचारपूस घरच्यांनीच करावयास हवी.

तातडीने काय करावे?

१. रुग्णास बसवावे किंवा आराम वाटेल अशा स्थितीत टेकवावे. त्यास चालवू नये, जिना उतरवू नये आणि स्वतः वाहन चालवू देऊ नये. वरच्या मजल्यावरून आणताना खुर्चीत बसवून उचलून आणावे.

२. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती येण्यास विलंब होणार असेल, तर मिळेल त्या वाहनाने ईसीजीची सोय असलेल्या जवळच्या रुग्णालयात न्यावे.

३. ॲस्पिरिनची ॲलर्जी, जठरातील व्रण किंवा रक्तस्रावाचा विकार नसेल, तर सुमारे ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून घेण्याचा सल्ला दिला जातो. मात्र गोळी शोधण्यात वेळ दवडू नये. शेजाऱ्यांची जिभेखालची गोळी परस्पर देऊ नये; तिच्यामुळे रक्तदाब एकाएकी घसरू शकतो.

४. चालू औषधांच्या चिठ्ठ्या आणि जुना ईसीजी सोबत आणावा.

रुग्ण पोहोचल्यावर दहा मिनिटांत ईसीजी व्हावा, असा वैद्यकीय दंडक आहे. पुष्कळदा नातेवाईक विचारतात, “ईसीजी चांगला आला, मग ठेवून कशाला घेता?” प्रश्न रास्त आहे. झटक्याच्या आरंभी ईसीजी निर्दोष दिसू शकतो. म्हणून तो पुन्हा काढावा लागतो आणि रक्तातील ट्रोपोनिनची तपासणी काही तासांच्या अंतराने करावी लागते. हे थांबवून घेणे खर्चासाठी नसून खात्रीसाठी असते.

हाताची इतर दुखणी

डाव्या हाताची पुष्कळशी दुखणी हृदयाची नसतात. मानेत नस दबली असल्यास मान वळवताच खांद्यापासून बोटांपर्यंत विजेसारखी सणक जाते आणि मुंग्या येतात. खांदा आखडला असल्यास वरच्या फळीवरचा डबा काढणे, केस विंचरणे, हात पाठीमागे नेणे कठीण होते. मधुमेह्यांमध्ये हा विकार अधिक आढळतो. मनगटात नस दबल्यास अंगठा व शेजारची दोन बोटे बधिर होऊन रात्री जाग येते आणि हात झटकल्यावर बरे वाटते. नागीण होण्यापूर्वी पुरळ दिसण्याआधीच एका बाजूस आग होते. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत औषध सुरू केलेले उत्तम. तंबाखू वा धूम्रपानाची सवय असलेल्या व्यक्तीचा खांदा आणि हाताची आतली बाजू आठवडेच्या आठवडे दुखत असेल, तर छातीचा एक्स-रे काढून घ्यावा.

हृदयाशी संबंध नसतानाही तात्काळ धावावे असे काही प्रसंग आहेत. हात एकाएकी लुळा पडला, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, तर तो पक्षाघात असू शकतो. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साडेचार तासांच्या आतच देता येते. अशा रुग्णास ॲस्पिरिन देऊ नये. हात अचानक थंड व पांढरा पडून ठणकू लागला, तर रक्तपुरवठा खंडित झाला असण्याचा संभव असतो, आणि तेथेही तासांचाच हिशेब असतो. सबंध हात सुजणे किंवा पडल्यानंतर हात वेडावाकडा दिसणे, हीदेखील थांबण्याची कारणे नव्हेत.

एक गैरसमज विशेष घातक आहे. ‘मागच्या वेळी मानेचेच दुखणे निघाले होते, याही वेळी तेच असेल,’ असे गृहीत धरू नये. मानेचा विकार असलेल्या माणसालाही हृदयविकार होतो. दुखण्याची तऱ्हा बदलली, तर तपासणी पुन्हा व्हावयास हवी.

डॉक्टरांना कसे सांगावे?

आपल्या भाषेत दुखण्याला नेमके शब्द आहेत. कळ, सणक, ठणका, मुंग्या, आग, भरून येणे यांतील प्रत्येक शब्द निदानाची वेगळी दिशा दाखवतो. तेव्हा ‘पेन होतो’ एवढ्यावर न थांबता आपल्याच शब्दांत सांगावे: कसे दुखते, केव्हा सुरू झाले, कशाने वाढते, कशाने थांबते.

खर्चाची धास्ती

विलंबाचे आणखी एक कारण आम्ही जाणतो. ‘आधी पैशांची सोय करू, मग नेऊ,’ या विचारात मोलाचे तास जातात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांनी तातडीच्या रुग्णास त्वरित दाखल करून प्रकृती स्थिर होईपर्यंत जीवरक्षक उपचार द्यावयाचे असतात, आणि अशा वेळी अनामत रक्कम मागावयाची नसते. निर्धन रुग्णांसाठी १० टक्के खाटा मोफत आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के खाटा सवलतीच्या दरात राखीव असतात. कागदपत्रे मागाहून देता येतात. रुग्ण आधी आणावा.

आमच्या देणगीदारांच्या आणि विश्वस्तांच्या पाठबळामुळेच रात्रीअपरात्री हे दार उघडे ठेवता येते. हितचिंतकांस एवढीच विनंती की, हा मजकूर आपल्या घरी आणि शेजारी अवश्य वाचून दाखवावा. तपासणीत काही न निघाल्यास आम्हास आनंदच आहे. ‘उगाच आलो’ म्हणत हसत घरी परतणारा रुग्ण आम्हाला केव्हाही हवा आहे.