रोमांतिका आणि आमचा बाक

माधवनिदानाच्या मसूरिका-प्रकरणात रोमांतिकेचे वर्णन आले आहे. आधी ज्वर, सोबत कास व अरुची, मग रोमकूपांच्या ठिकाणी लालसर उंचवटे, दोष कफपित्त. खेड्यातील आई ज्याला गोवर म्हणते त्याच्याशी हे चित्र इतके जुळते, की वैद्याला निदान अवघड वाटू नये. तरी ते आमच्या हातून चुकले आहे.

काही वर्षांपूर्वी, होळीच्या आधीच्या बाजाराच्या दिवशी, अकरा महिन्यांचे एक मूल आमच्याकडे आले. ज्वर, कोरडा खोकला, पाणावलेले लाल डोळे. आईवडील नुकतेच ऊसतोडीहून परतले होते. आम्ही प्रतिश्याय समजून औषध दिले. गालाच्या आतील पांढरे ठिपके दिसतात का, हे पाहण्यासाठी तोंडही उघडून पाहिले नाही. त्यापूर्वी ते मूल तासभर आमच्या बाकावर इतर बालकांत बसले होते. दोन दिवसांनी त्याच्या कानामागून पुरळ उठले. पंधरवड्यात त्या बाकावरील आणखी दोन मुलांना गोवर झाला. एकाला फुफ्फुसदाह होऊन रुग्णालयात ठेवावे लागले. ते वाचले, परंतु तो बाक आमच्या मनातून गेला नाही.

गोवराचा रुग्ण पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून रोग पसरवीत असतो, आणि तो निघून गेल्यावरही बंद खोलीतील हवा सुमारे दोन तास संसर्गकारक राहू शकते. म्हणजे निदान होण्यापूर्वीच आपला दवाखाना किंवा औषधाचे दुकान संसर्गस्थान बनलेले असते.

नंदुरबार जिल्ह्यात या प्रश्नाला ऋतुचक्राची जोड आहे. अक्राणी, अक्कलकुवा, तळोद्याकडील कित्येक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत अथवा अन्य जिल्ह्यांत जातात. माघ-फाल्गुनात जन्मलेले मूल नऊ महिन्यांचे होते ते ऐन कार्तिक-मार्गशीर्षात, म्हणजे पहिल्या मात्रेच्या वेळी ते फडावर असते. दुसरी मात्रा १६ ते २४ महिन्यांची. तीही अशीच चुकते. पुढे होळीला, भोंगऱ्या बाजाराला, सारे एकत्र येतात, आणि गोवराचा हंगामही नेमका तोच. चुकलेली मात्रा पाच वर्षांपर्यंत शासकीय सत्रात विनामूल्य मिळते, हे पुष्कळ पालकांना ठाऊकच नसते. किरकोळ सर्दी किंवा कुपोषण ही लस टाळण्याची कारणे नव्हेत. कुपोषित मुलाला तर तिची गरज अधिक.

लस आपल्या शास्त्राची नव्हे, असे काही वैद्यबंधू म्हणतात. निदानपरिवर्जन आणि व्याधिक्षमत्व हे शब्द ज्यांनी पाठ केले, त्यांनी असे म्हणावे याचे आम्हांस नवल वाटते. सातपुड्यातील भरारी पथकांत पाडोपाडी हिंडणारे मानसेवी वैद्यकीय अधिकारी बहुतांशी आपलेच बी.ए.एम.एस. पदवीधर आहेत. २०२२ साली मुंबई व भिवंडीत गोवराने बालके दगावली. मोठी रुग्णालये हाकेच्या अंतरावर असलेल्या शहरांतली ही कथा, मग धडगावच्या पलीकडील पाड्याचे काय होईल?

आणखी एक सांगावेसे वाटते. गोवर ‘बाहेर पडावा’ म्हणून मुलाचे दूध-अन्न तोडतात, आणि कधी आपणही ज्वरात लंघन सांगून त्या समजुतीला आधार देतो. बाल, वृद्ध, गर्भिणी व दुर्बल यांना लंघन निषिद्ध आहे, हे शास्त्रवचन मात्र विसरले जाते. स्तनपान, पेज, मुगाचे कढण चालूच राहावे. जीवनसत्त्व ‘अ’च्या वयानुसार दोन मात्रा लागोपाठ दोन दिवस देतात, त्याने अंधत्व व मृत्यू दोन्हींचा धोका कमी होतो. त्यासाठी, तसेच नमुना तपासणीसाठी, ताप व पुरळ असलेले प्रत्येक मूल त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे. श्वास जलद झाल्यास वाट पाहू नये. औषधविक्रेत्यांकडे तर आई आमच्याही आधी पोहोचते. खोकल्याची बाटली देताना ‘अंगावर पुरळ आहे का, लशीचे कार्ड कुठे आहे’ एवढे विचारण्यास अर्धे मिनिट लागते.

ताप-खोकल्याच्या मुलांचा बाक आम्ही आता ओट्यावर, निंबाच्या सावलीत ठेवला आहे. पावसाळ्यात काय करावे, ते अद्याप ठरलेले नाही.