‘सोलो’ची भिंत आणि शिल्पाचा चौथरा

एकाच चित्रकाराचे किंवा शिल्पकाराचे काम ठरावीक मुदतीसाठी एका दालनात मांडले जाते ते एकल प्रदर्शन. कलावंतांच्या बोलण्यात त्याला ‘सोलो’ म्हणतात आणि आयुष्यातला पहिला सोलो लग्नकार्याइतकाच धांदलीचा असतो. समूह प्रदर्शनात एखादे बरे चित्र वेळ निभावून नेते. सोलोत ती सोय नाही. बारा-पंधरा चित्रे शेजारी-शेजारी लागली की कोणती युक्ती पुन्हा पुन्हा वापरली गेली, हात कुठे अडला आणि कुठे नवी वाट सापडली, हे कोणी न सांगता दिसू लागते.

सानपाडा आणि नेरुळच्या मधे हार्बर मार्गावर वसलेल्या जुईनगरमधून असे प्रदर्शन पाहायला निघालेला रसिक बहुधा पनवेल-सीएसएमटी लोकल पकडतो आणि काळा घोडा गाठतो. तिथली जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ साली सुरू झाली. सर कावसजी जहांगीर यांनी दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ तिच्यासाठी देणगी दिली, चित्रकार के. के. हेब्बर आणि शास्त्रज्ञ होमी भाभा यांचा आग्रह त्यामागे होता. तिथे प्रदर्शन साधारण आठवडाभराचे, मंगळवार ते सोमवार. एकाचे काम उतरते, लगेच दुसऱ्याचे चढते. दालन मिळण्यासाठी अर्ज करून वर्षानुवर्षे थांबावे लागते, म्हणून ‘जहांगीर मिळाली’ हे वाक्य चित्रकार मंडळी नोकरी लागल्याच्या थाटात उच्चारतात.

जहांगीरमध्ये कलावंत दालनाचे भाडे भरतो आणि विक्रीची, निमंत्रणाची, कॅटलॉगची जबाबदारी स्वतः पेलतो. खासगी गॅलरीचा व्यवहार वेगळा असतो. तिथे गॅलरी कलावंत निवडते, खर्चाचा मोठा भाग उचलते आणि विक्रीतून आपला हिस्सा घेते. केकू आणि खोर्शेद गांधी यांची गॅलरी केमोल्ड १९६३ पासून जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर होती; २००७ मध्ये ती फोर्टातल्या प्रेस्कॉट रोडवर गेली. आधुनिक भारतीय चित्रकारांच्या कितीतरी सोलोंना तिने भिंत दिली. दोन्ही पद्धतींना बाजू आहेत. भाड्याच्या दालनात कोणी सांगणारे नसल्यामुळे नवखा कलावंत हटकून जास्त चित्रे लावतो, आणि चित्रांची गर्दी झाली की एकही धड दिसत नाही.

मांडणी हे स्वतंत्र काम आहे. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण पाच फुटांवर, म्हणजे उभ्या माणसाच्या नजरेसमोर धरला जातो. वेगवेगळ्या आकारांची चित्रे एका ओळीत लावताना वरच्या किंवा खालच्या कडा जुळवण्यापेक्षा हे मध्य जुळवणे सोपे जाते. काच लावलेल्या जलरंगावर दिवा समोरून पडला तर बघणाऱ्याला स्वतःचाच चेहरा दिसतो, म्हणून प्रकाश तिरका सोडतात. विकल्या गेलेल्या कामाशेजारी लाल टिकली लागते. उद्‍घाटनाच्या संध्याकाळी पाहुणे चित्रांआधी टिकल्याच मोजतात, ही जुनी खोड आहे.

शिल्पाचे गणित याहून अवघड. त्याला चारही बाजूंनी वाट लागते, त्यामुळे ज्या दालनात वीस चित्रे सहज बसतात तिथे सात-आठ शिल्पेच खुलतात. चौथऱ्याची उंची चुकली की बसक्या आकृतीचे नुसते डोके दिसते. खर्चही आधीच होऊन बसलेला असतो. मातीत घडवलेल्या आकृतीचा साचा काढायचा, साच्यातून मेणाची पोकळ प्रत घ्यायची, ती उष्णता सोसणाऱ्या मसाल्यात गाडून तापवायची. मेण वितळून वाहून गेले की त्या पोकळीत ब्राँझ ओतायचे. मग जोड घासायचे आणि रसायने व आच देऊन वरचा रंग आणायचा. एका साच्यातून अनेक प्रती निघत असल्याने शिल्पावर ३/८ असा आकडा कोरलेला असतो: आठांपैकी तिसरी. फ्रान्समध्ये कलावंताच्या स्वतःच्या ४ प्रती धरून १२ पर्यंतच्या ओतीव प्रतींना मूळ कलाकृतीचा दर्जा मिळतो. हे सारे टेम्पोत घालून वाशीच्या खाडीपुलावरून दक्षिण मुंबईत न्यायचे, तर पेटीबंद बांधणी आणि चार हमाल आलेच. पुष्कळ शिल्पकार त्यामुळे फायबरकडे वळतात.

सोलो कधी वादळही उठवतो. पॅरिसहून आलेल्या अकबर पदमसी यांच्या १९५४ मधल्या जहांगीरच्या प्रदर्शनात ‘लव्हर्स’ नावाची दोन चित्रे पोलिसांना अश्लील वाटली. ती काढायला त्यांनी नकार दिला, खटला झाला आणि न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. १९९२ मध्ये चित्रकार हुसेन यांनी याच गॅलरीत ‘श्वेतांबरी’ मांडले, तेव्हा नेहमीसारखी चित्रे नव्हतीच; पांढरे कापड आणि जमिनीवर वर्तमानपत्रांचे कपटे. एकट्याला पूर्ण दालन मिळाले की काय करता येते, याचे हे टोकाचे उदाहरण. कोणाला ती थट्टा वाटली, पण दालन हेच कलेचे साहित्य होऊ शकते, हे त्यातून मुंबईला दिसले.

कलावंताच्या अनेक वर्षांच्या कामाचा आढावा घेणारे प्रदर्शन हाही एकल प्रदर्शनाचाच प्रकार. ते बहुधा संग्रहालय भरवते. नागपुरात जन्मलेल्या वासुदेव गायतोंडे यांचे असे प्रदर्शन २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइममध्ये झाले, तेव्हा त्यांना जाऊन तेरा वर्षे झाली होती. ‘कोरा कॅनव्हास’ लिहिणारे प्रभाकर बरवे १९९५ मध्ये गेले. मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचे मोठे प्रदर्शन लागले ते २०१९ मध्ये. तिथे चित्रांच्या जोडीला त्यांच्या डायऱ्याही ठेवल्या होत्या, आणि कोरी जागा इतक्या विचाराने सोडणारा चित्रकार आधी कागदावर किती खल करी, ते त्यांत वाचता येत होते.

जहांगीरमध्ये शिरायला तिकीट नाही. कलावंत बहुतेक वेळ दालनातच खुर्ची टाकून बसलेला असतो आणि किंमत विचारण्यापेक्षा ‘हे कसं केलंत?’ असे विचारल्यास जास्त खुलतो. ज्यांचा नंबर लागायचा आहे, असे कित्येक चित्रकार गॅलरीबाहेरच्या फुटपाथवर आपली चित्रे मांडून बसतात. त्यांचाही तो सोलोच.