विश्लेषण : स्मार्ट बल्ब घेतला, पण भिंतीवरच्या बटणाचे काय? बिनतारी डिमर कसा काम करतो?

मोबाइलवरून चालणारा स्मार्ट बल्ब घरी येतो. दोन दिवस त्याचे कौतुक होते आणि तिसऱ्या दिवशी घरातले कोणीतरी सवयीने भिंतीवरचे बटण बंद करते. मग मोबाइलवर कितीही वेळा बोट दाबले तरी दिवा लागत नाही. या पेचावरचा एक सोपा उपाय म्हणजे बिनतारी डिमर स्विच. तो काय करतो, काय करू शकत नाही आणि घेताना काय पाहावे, याविषयी…

मूळ अडचण काय?

स्मार्ट बल्बमध्ये एलईडीबरोबर एक छोटा रेडिओही असतो. मोबाइलकडून किंवा रिमोटकडून येणारा आदेश ऐकण्यासाठी त्याला चोवीस तास वीज लागते. भिंतीवरचे बटण बंद झाले की ही वीजच तुटते. बटण कायम चालू ठेवायचे, तर दिवा लावण्यासाठी प्रत्येक वेळी मोबाइल हवा. पण रात्री उठलेल्या आजीने आधी मोबाइल शोधायचा का? पाहुण्यांनी काय करायचे? घरातल्या प्रत्येकाला वापरता येत नसेल, तर दिवा ‘स्मार्ट’ असून उपयोग काय?

बिनतारी डिमर म्हणजे काय?

हा सेलवर चालणारा छोटा रिमोटच असतो, फक्त दिसतो भिंतीवरच्या बटणासारखा. त्याला एकही वायर जोडावी लागत नाही. चिकटपट्टीने किंवा स्क्रूने तो भिंतीवर बसवता येतो. त्यावर साधारणपणे चालू, बंद, प्रकाश वाढवणे आणि कमी करणे अशी बटणे असतात. बटण दाबले की तो वीज तोडत नाही, फक्त बल्बला संदेश पाठवतो. उजेड कमी-जास्त करण्याचे काम बल्ब स्वतःच करतो. एरवी हा स्विच ‘झोपलेला’ असतो, म्हणूनच एवढ्याशा सेलवर दीर्घकाळ चालतो.

अशा अनेक स्विचमध्ये ‘झिगबी’ हे कमी वीज खाणारे रेडिओ तंत्रज्ञान असते. ते २.४ गिगाहर्ट्झवर चालते. काही स्विच हबशिवाय थेट बल्बशी जोडता येतात. उदाहरणार्थ, फिलिप्स ह्यूच्या डिमर स्विचला ब्रिज न घेता १० दिवे जोडता येतात.

पंख्याच्या रेग्युलेटरसारखा जुना डिमर का चालत नाही?

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला १०० अर्धलहरींची. भिंतीतला जुना डिमर प्रत्येक अर्धलहरीचा काही भाग कापतो. तारेच्या पिवळ्या बल्बला ते चालत असे. स्मार्ट बल्बमधल्या सर्किटला मात्र अखंड वीज लागते. ती तुकड्यातुकड्यांनी मिळाली, तर बल्ब लुकलुकतो, गुणगुणतो, रेडिओ बंद पडतो आणि पुढे बल्बच निकामी होऊ शकतो. त्यामुळे स्मार्ट बल्ब अशा डिमरवर कधीही लावू नये.

उलट बाजूही लक्षात ठेवावी. साधा एलईडी बल्ब बिनतारी डिमरचा संदेश ऐकू शकत नाही. साधाच बल्ब ठेवायचा असेल, तर तो ‘डिमेबल’ हवा आणि बोर्डामागे स्मार्ट डिमर मॉड्यूल बसवावे लागते. अशा बऱ्याच मॉड्यूलना न्यूट्रल वायर लागते. बोर्डावर प्लगचे सॉकेट असेल, तर त्यात न्यूट्रल असते. नुसत्या बटणांच्या बोर्डात ती नसूही शकते. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.

घेण्याआधी काय तपासावे?

पहिले, बल्ब आणि स्विच यांची ‘भाषा’ एकच आहे का? झिगबीचा स्विच केवळ वाय-फायवर चालणाऱ्या बल्बशी थेट बोलू शकत नाही. वेगवेगळ्या कंपन्यांच्या वस्तू एकत्र चालाव्यात म्हणून २०२२ मध्ये ‘मॅटर’ हे सामाईक मानक आले. खोक्यावर त्याचे चिन्ह आहे का, ते पाहावे. दुसरे, होल्डर कोणता? आपल्या घरांत सहसा दोन पिनांचा बी-२२ होल्डर असतो, तर काही स्मार्ट बल्ब आट्यांच्या ई-२७ प्रकारात येतात. तिसरे, स्विचला लागणारा सेल जवळच्या दुकानात मिळतो का?

वीज गेली तर काय?

वीज जाऊन परत आली की अनेक स्मार्ट बल्ब पूर्ण प्रकाशाने लागतात. पहाटे तीनला वीज आली, तर सगळे घर जागे होते. बऱ्याच ॲपमध्ये ‘वीज आल्यावर पूर्वीच्याच स्थितीत राहा’ अशी सोय असते. ती पहिल्याच दिवशी निवडावी. इंटरनेट बंद असेल, तरी बल्बशी थेट जोडलेला डिमर चालतो, कारण त्याचा संदेश घराबाहेर जातच नाही.

बिल कमी होते का?

फारसे नाही. ९ वॅटचा बल्ब रोज पाच तास लावला, तर वर्षाला सुमारे १६ युनिट लागतात. प्रकाश कमी ठेवून वापर निम्म्यावर आला, तर ८ युनिट वाचतात. पण बल्ब ‘बंद’ असताना आदेशाची वाट पाहत अर्धा वॅट घेत असेल, तर उरलेल्या १९ तासांचे वर्षाला साडेतीन युनिट होतात. म्हणजे जवळपास निम्मी बचत तिथेच जाते. डिमर घ्यावा तो सोयीसाठी.

कोणती काळजी घ्यावी?

अनेक स्विचमध्ये नाण्याच्या आकाराचा लिथियम सेल असतो. लहान मुलाने तो गिळला, तर अन्ननलिकेला दोन तासांतही गंभीर इजा होऊ शकते. सेल मुलांच्या हाती लागू देऊ नये आणि गिळल्याचा संशय आला तरी मुलाला तातडीने रुग्णालयात न्यावे.

मूळ बटण चुकून बंद होऊ नये म्हणून काही जण बोर्डातल्या वायरी थेट जोडून टाकतात. ते टाळावे, कारण बल्ब बदलताना वीज तोडण्यासाठी तेच बटण लागते. त्याऐवजी बटणावर झाकण बसवावे आणि नवा स्विच त्याच्या शेजारी, त्याच उंचीवर लावावा. अंधारात हात सवयीने जिथे जातो, तिथेच तो सापडायला हवा.