पुसलेली उत्तरं

विजय नगरमध्ये, अहिंसा चौकाजवळ माझी बहीण राहते. भाचा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. परवा रात्री लॅपटॉपपुढे वैतागून बसला होता. त्याचा प्रोग्रॅम जिथे अडला, नेमकी तीच अडचण कुणीतरी दहा वर्षांपूर्वी विचारलेली. खाली चौघांचे आभार, ‘यानंच काम झालं!’ आणि मधलं उत्तर गायब. त्या जागी निषेधाची एक ओळ.

हे लोण २०२३ सालचं. रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळानं बाहेरच्या अ‍ॅपना माहिती पुरवण्याचे पैसे लावले. लोकांचं लाडकं ‘अपोलो’ चालवायचा खर्च वर्षाला दोन कोटी डॉलरच्या घरात जाईल असा हिशोब निघाला, आणि ३० जूनला ते बंद झालं. त्याआधी १२ जूनपासून हजारो समूहांनी दारं लावून घेतली होती. काहींनी तर वर्षानुवर्षांचं लिखाण आधी निरर्थक मजकुरानं गिरवलं, मग पुसलं. मे २०२४ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लो या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळानं तिथली उत्तरं कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी पुरवण्याचा ओपनएआयशी करार केला, तेव्हा फुकटात उत्तरं देणारे प्रोग्रॅमर ती काढून घेऊ लागले. काढलेली उत्तरं परत लावण्यात आली, काहींची खाती आठवडाभर गोठवली गेली.

कायदा कंपनीच्या बाजूनं आहे, हे कबूल करायला हवं. स्टॅक ओव्हरफ्लोवरचं लिखाण क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली जातं; तो एकदा दिला की मागे घेता येत नाही. पण त्याच परवान्यात लेखकाचं नाव देण्याची अट आहे. श्रेय देऊ, असं करार जाहीर करताना सांगितलं गेलं खरं. पण यंत्राच्या पोटात लाखो उत्तरं कालवल्यावर कुठल्या घासाला कुणाचं नाव लावणार? दुखणं तिथे आहे, आणि मला ते पटतं.

आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहिती पुसून मागण्याचा हक्क आहे. मात्र जी माहिती तुम्ही स्वतःच चव्हाट्यावर मांडली, तिला तो कायदा लागू नाही.

राग कंपनीवर, झळ भाच्याला. शेवटी इंटरनेट अर्काइव्हमध्ये त्या पानाची जुनी प्रत सापडली. अकरा ओळींचं उत्तर. प्रोग्रॅम चालला. पठ्ठ्या आभार मानायला गेला, तर लिहिणाऱ्याचं खातंच उरलं नव्हतं.