त आणि ट ओळखणारं बाळ

सहा-सात महिन्यांच्या बाळाला ‘बाबा’ म्हणणंही अजून धड जमत नसतं, पण ‘त’ आणि ‘ट’ यांतला फरक मात्र त्याला कळतो. इंग्रजी बोलणाऱ्या ज्या घरात हा फरक कधी कानावरच पडत नाही, तिथल्या बाळालाही तो कळतो.

जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या कॅनडातल्या संशोधकांनी १९८४ साली हे दाखवून दिलं. बाळ आईच्या मांडीवर बसलेलं. स्पीकरवर हिंदीतला एकच उच्चार पुन्हा पुन्हा लागतो आणि मध्येच ‘त’च्या जागी ‘ट’ येतो. बदल ओळखून बाळाने मान वळवली की बाजूच्या पेटीत दिवा लागतो, खेळणं हलू लागतं. आईकडून नकळत खूण जाऊ नये म्हणून तिच्या कानाला हेडफोन. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांनी अचूक माना वळवल्या. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांपैकी फारच थोड्यांना ते जमलं. हिंदी बोलणाऱ्या घरांतल्या वर्षाच्या आतबाहेरच्या बाळांना मात्र फरक नेमका कळत होता. आपल्याला नुसतं ‘बा-बा-बा’ ऐकू येत असतं, तेव्हा आत भोवतालच्या माणसांची भाषा निवडून घेणं चालू असतं!

शरीराची वाढ डोळ्यांना दिसते. जन्माचं वजन पाचव्या महिन्याच्या सुमारास दुप्पट आणि वर्षाला तिप्पट होतं. मेंदूचा आकारही पहिल्याच वर्षात जवळपास दुपटीने वाढतो. या वाढत्या मेंदूला दुधाइतकीच माणसांची गरज असते.

सिॲटलच्या संशोधक पॅट्रिशिया कुल यांनी २००३ मध्ये याचा पुरावा दिला. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा बोलणाऱ्या माणसांनी बारा वेळा खेळवलं, पुस्तकं दाखवली. बाळांनी त्या भाषेतले उच्चार टिपले. दुसऱ्या गटाला तीच माणसं, तेच बोलणं पडद्यावर दाखवलं. ती बाळं काहीच शिकली नाहीत.

पाय पसरून त्यांवर बाळाला पालथं घालून तेल चोळणारी आजी आठवा. हात चालू, तोंडही चालू. ‘दुखलं का गं बाई? झालं हं, आता पाठ!’ बाळ हुंकारतं, आजी त्याला उत्तर देते. माझ्या मते तेलाहूनही ही देवाणघेवाण मोलाची. मोबाइल बाळाच्या हुंकाराला उत्तर देत नाही. दोन वर्षांच्या आत पडदा नकोच, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते.

आता शेजारच्या बाळाशी तुलना. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या बाळांची पाहणी करून २००६ मध्ये निष्कर्ष छापले. निरोगी बाळ आधाराशिवाय चालू लागलं ते साधारण आठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत केव्हाही. शंभरातली चारेक बाळं तर हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. म्हणून ‘तिची चालते, आपली का नाही’ हा घोर नको. चाकांच्या वॉकरने बाळ लवकर चालत नाही, पडण्याचा धोका मात्र वाढतो. कॅनडाने तर २००४ साली वॉकरवर बंदीच घातली.

काही खुणांकडे मात्र काणाडोळा करू नका. चौथा महिना संपला तरी मान धरत नाही, आवाजाकडे वळत नाही, नऊ महिन्यांनंतरही बसत नाही, दीड वर्ष झालं तरी चालत नाही की एकही शब्द बोलत नाही. आणि सगळ्यांत गंभीर म्हणजे, जमत असलेली गोष्ट बाळ विसरू लागलं. ‘आमच्याकडे सगळेच उशिरा बोलतात’ म्हणत वाट पाहत बसू नका. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ही तपासणी आणि पुढचे उपचार मोफत होतात. अंगणवाडीत किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात चौकशी करा.