शाळा, संसार आणि कला

एखाद्या गावातला शिक्षक कविता करतो, गणपतीच्या दिवसांत मुलांकडून नाटक बसवून घेतो, वाचनालयाचे चिटणीसपद सांभाळतो आणि घरी चार माणसांचा संसारही चालवतो, असे दिसले की आपण दोनांपैकी एक उद्गार काढतो. एक तर म्हणतो, "या माणसाला दिवसाचे तास तरी किती आहेत?" नाही तर म्हणतो, "एक ना धड, भाराभर चिंध्या!" पहिला उद्गार कौतुकाचा, दुसरा निंदेचा. पण दोहोंपैकी एकानेही खऱ्या प्रश्नाचा उलगडा होत नाही. हे जमते कसे, केव्हा जमत नाही, आणि जमते तेव्हा त्याची किंमत कोण देते, हा तो प्रश्न होय. आज त्याचाच विचार करावयाचा आहे.

हा प्रश्न आपल्या भाषेच्या पोटातलाच आहे. अर्वाचीन मराठी वाङ्मयाचा मोठा भाग पूर्णवेळ लेखकांनी लिहिलेला नाही. तो फळ्यासमोर उभे राहणाऱ्यांनी, वह्या तपासणाऱ्यांनी लिहिला आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली, त्याच्या आदल्याच वर्षी, १८७४ मध्ये, विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' निघाली. शास्त्रीबुवा त्या वेळी सरकारी शाळेत शिक्षक होते. मासिक सात वर्षे चालले, चौऱ्याऐंशी अंक निघाले, आणि त्यांतला बहुतेक मजकूर त्यांच्या एकट्याच्या हातचा. नोकरी चालू असताना १८७८ मध्ये चित्रशाळा निघाली. १८७९ मध्ये त्यांनी नोकरी सोडली, १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल उभे राहिले, १८८१ मध्ये 'केसरी' व 'मराठा'. १८८२ मध्ये वयाच्या बत्तिसाव्या वर्षात ते गेले. शाळा, छापखाना, चित्रे, मासिक, वृत्तपत्र ही सारी कामे वरवर पाहता निरनिराळी. पण त्यांच्या मुळाशी एकच धंदा होता, लोकांना शिकविण्याचा. वर्ग तेवढा मोठा होत गेला.

येथे पहिले सूत्र हाती लागते. अनेक कामे एका आयुष्यात मावतात, ती त्यांचे मूळ एक असले तर. वडाच्या पारंब्या कितीही असोत, त्यांना भार होत नाही. कारण त्या एकाच झाडाच्या असतात. चिंध्या होतात त्या मूळ नसलेल्या तुकड्यांच्या.

हे सूत्र जरा जवळून पाहू. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि तिथले छात्रालयही पाहत होते. मुलांसाठी ते हस्तलिखित दैनिक काढीत. पुढे १९२८ मध्ये 'विद्यार्थी' मासिक काढले. नंतर सत्याग्रह आला, शाळा सुटली, तुरुंगवास घडला. नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत त्यांनी 'श्यामची आई' लिहून काढले. पाच दिवसांत पुस्तक, ही गोष्ट चमत्कारासारखी सांगितली जाते. पण पुस्तकाचे रूप पाहा. संध्याकाळची प्रार्थना झाल्यावर मुलांना सांगितलेली गोष्ट, असे ते रूप आहे. ज्याने वर्षानुवर्षे मुलांशी रोज बोलण्याचा आणि रोज लिहिण्याचा परिपाठ ठेवला, त्याची लेखणी पाच दिवसांत एवढे धावली तर त्यात नवल कसले? लिहावयास पाच दिवस लागले. तयारी छात्रालयात झाली होती.

याच पुस्तकाची पुढची कथा आणखी बोलकी आहे. त्यावर १९५३ मध्ये चित्रपट काढला तो आचार्य अत्र्यांनी, आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्याला मिळाले. अत्रे हेही मुळात शिक्षक. पुण्याच्या कॅम्प भागातल्या शाळेचे मुख्याध्यापक, लंडनला जाऊन १९२८ मध्ये अध्यापनाची पदवी घेऊन आलेले. विडंबनकाव्य, १९३३ चे 'साष्टांग नमस्कार'सारखे नाटक, मुलांसाठी 'नवयुग वाचनमाला' असे सगळे त्यांनी केले. पुढे शाळा सुटून चित्रपट, साप्ताहिक आणि १९५६ मध्ये 'मराठा' दैनिक आले. हसविणारा नाटककार आणि मुलांचे क्रमिक पुस्तक करणारा शिक्षक यांत विरोध नाही. पाठ्यपुस्तक करताना वाक्य आखूड ठेवावे लागते, शब्द ओळखीचा घ्यावा लागतो, लक्ष उडाले की मुलगा पुस्तक मिटतो. ही शिस्त रंगभूमीलाही तितकीच लागते.

दुसरे सूत्र असे की, काम वेळेच्या मापाने निवडावे. कादंबरीला सलग महिने लागतात. कवितेला आणि लहान लेखाला सुटे तास पुरतात. इंदिरा संतांचे उदाहरण घ्या. पती ना. मा. संत यांच्यासह त्यांचा 'सहवास' हा संग्रह १९४० मध्ये आला. १९४६ मध्ये पतीचे निधन झाले. तीन मुले लहान होती. बाईंनी बेळगावात अध्यापन केले, पुढे अध्यापिका घडविणाऱ्या महाविद्यालयाच्या त्या प्राचार्या झाल्या. या सगळ्यात त्यांचे कवितालेखन थांबले नाही. 'मेंदी' १९५५, 'मृगजळ' १९५७, 'रंगबावरी' १९६४, 'बाहुल्या' १९७२, 'गर्भरेशीम' १९८२. सत्तावीस वर्षांत पाच संग्रह. शिवाय कथा व ललितलेख. 'गर्भरेशीम'ला १९८४ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तेव्हा त्या सत्तरीच्या होत्या. ही गती कोणाला मंद वाटेल. पण सकाळचा स्वयंपाक, दुपारचे वर्ग आणि रात्रीचा मुलांचा अभ्यास यांतून जो वेळ उरतो, त्याचे माप त्यांनी ओळखले आणि तेवढ्याच मापाची वस्तू घडवली. ज्यांना घाई आहे त्यांनी हा हिशेब भिंतीवर लिहून ठेवावा. कलेला रोजचा वेळ थोडा पुरतो, पण तो अनेक वर्षे द्यावा लागतो.

तिसरे सूत्र सार्वजनिक कामाचे. समाजकार्य वेळ खाते, ही तक्रार खोटी नव्हे. परंतु ते वेळ घेते तसे काही देतेही. ते तारीख देते आणि श्रोता देते. घरात बसून लिहिणाऱ्याला 'उद्या' असतो; ज्याला शनिवारी गावाच्या चौकात कार्यक्रम करावयाचा आहे, त्याला उद्या नसतो. १९४१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाचे कलापथक याचा दाखला आहे. वसंत बापट हे कवी, बेचाळिसच्या चळवळीत तुरुंगात गेलेले, पुढे मुंबईत महाविद्यालयात प्राध्यापक. कलापथकासाठी त्यांनी गीते लिहिली, कार्यक्रम उभे केले, 'महाराष्ट्र दर्शन' गावोगाव नेले. पोवाडा, लावणी, नाच, नाट्य या सगळ्यांशी त्यांना प्रत्यक्ष झुंजावे लागले, कारण समोरचा प्रेक्षक पुस्तक विकत घेणारा नव्हता. त्यांच्या कवितेला जो खणखणीत आवाज आहे, तो या चौकांनीही दिला आहे. पुढे बापट, विंदा करंदीकर आणि मंगेश पाडगावकर या तिघांनी काव्यवाचनाचे कार्यक्रम गावोगाव केले, आणि कविता ही सभागृह भरून ऐकावयाची वस्तू आहे, हे महाराष्ट्राला दाखविले.

करंदीकर तर चौथे सूत्र शिकवितात. एकच अभ्यास अनेक रूपांनी वापरावा. ते महाविद्यालयात इंग्रजी शिकवीत. वर्गासाठी जे वाचावे लागे, त्यातूनच मराठीला ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र आणि 'राजा लिअर' मिळाले. त्याच हातांनी 'राणीची बाग'सारख्या बालकविता लिहिल्या आणि ज्ञानदेवांचा 'अमृतानुभव' आजच्या मराठीत आणला. पुरस्कारांच्या रकमा त्यांनी सामाजिक संस्थांना देऊन टाकल्या, हेही सर्वश्रुत आहे. प्राध्यापक आणि कवी हे दोन निराळे पगार घेणारे दोन कारकून नव्हते. एकाच्या शिदोरीवर दुसरा जेवत होता.

इथपर्यंत सगळे गोड झाले. आता जे सांगावयाचे ते कडू आहे. वर घेतलेल्या नावांकडे पुन्हा पाहा. चिपळूणकरांनी नोकरी सोडली, साने गुरुजींनी सोडली, अत्र्यांनी सोडली. पु. ल. देशपांडे शाळेत आणि महाविद्यालयात शिकवीत होते. १९५३ च्या 'गुळाचा गणपती'त त्यांनी कथा, संगीत, दिग्दर्शन आणि प्रमुख भूमिका असे सारे केले. पण अध्यापन त्यांनीही पुढे सोडले. म्हणजे कामे वाढत गेली की एक दिवस काहीतरी सोडावे लागते. सर्व काही शेवटपर्यंत सांभाळता येते, असे सांगणारा माणूस एक तर फार भाग्यवान असतो किंवा त्याचा भार दुसरे कोणी तरी उचलत असते.

ते 'दुसरे कोणी तरी' बहुधा घरात असते. साने गुरुजी अविवाहित होते, तो प्रश्न वेगळा. इतरांच्या घरी चूल पेटत होती, पाहुणे येत होते, मुले आजारी पडत होती. त्या बाजूची हकीकत आपल्याकडे स्त्रियांनीच लिहून ठेवली आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त कवी आणि धर्मकार्यकर्त्या पतीच्या संसाराची ओढाताण हसत हसत सांगितली आहे; ते हसू वाचताना डोळे ओले होतात. सुनीता देशपांडे या स्वातंत्र्य चळवळीत भाग घेतलेल्या, स्वतः उत्तम अभिनय करणाऱ्या. १९९० मध्ये 'आहे मनोहर तरी' प्रसिद्ध झाले आणि एका लाडक्या कलावंताच्या घराची दुसरी बाजू महाराष्ट्राने वाचली. पुष्कळांना ती रुचली नाही. पण न रुचलेला हिशेब चुकीचा असतोच असे नाही. इंदिराबाईंच्या घरी तर हा भार वाटून घ्यावयास दुसरे कोणी नव्हते. म्हणून त्यांचे पाच संग्रह मोजताना आपण त्यांच्या वाट्याला न आलेले तासही मोजले पाहिजेत.

तेव्हा या सभेत जे शिक्षक, शिक्षिका, हौशी नट, गायक, चित्रकार बसले आहेत, त्यांना चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. आपल्या सगळ्या कामांचे मूळ कोणते, ते एका वाक्यात लिहून पाहा. ज्या कामाचा त्या वाक्याशी संबंध लागत नाही, ते काम नम्रपणे परत करा. शाळेच्या वर्षाला ऋतू असतात. परीक्षेच्या महिन्यांत फक्त टिपणे ठेवा, मोठे लेखन सुटीत घ्या. वर्षातून एक कार्यक्रम गावासमोर करा, तारीख आधी जाहीर करून. आणि घरातल्या माणसांना नुसते आभार देऊ नका, तास द्या. तुमच्या तालमीसाठी जिने तीन संध्याकाळी मोकळ्या केल्या, तिच्या वाचनासाठी, गाण्यासाठी किंवा नुसत्या विश्रांतीसाठी तीन संध्याकाळी तुम्ही चूल सांभाळा. ती संध्याकाळ तिला मिळाली तर गावाला आणखी एक कलावंत मिळण्याचा संभव आहे.

बाकीच्या नागरिकांकडेही एक मागणे आहे. आपल्या गावच्या मास्तरांना प्रत्येक समितीवर घेण्याची आपल्याला सवय आहे; कारण ते नाही म्हणत नाहीत. स्वागतसमिती, वर्गणी, पत्रिका, सूत्रसंचालन, सगळे त्यांच्या गळ्यात. मग त्यांच्या हातून एखादे नाटक अर्धे राहिले की आपणच चिंध्यांची म्हण ऐकवतो. यंदा त्यांना एक काम कमी सांगा. वर्गणी आपण गोळा करा, खुर्च्या आपण मांडा. ते जे लिहितील ते ऐकावयास मात्र नक्की या.