भयपटांची पुनर्निर्मिती

भयपटाची पुनर्निर्मिती म्हणजे पूर्वी प्रदर्शित झालेल्या भयपटाची कथा नव्या भाषेत, काळात किंवा परिसरात पुन्हा चित्रित करणे. मूळ चित्रपट पाहिलेल्या प्रेक्षकाला रहस्य ठाऊक असल्याने केवळ धक्कातंत्रावर विसंबलेली पुनर्निर्मिती सहसा निष्प्रभ ठरते. भीतीचे मूळ कारण टिकवणे व ते नव्या परिसरात रुजवणे, या दोन गोष्टींवर तिचे यश बव्हंशी अवलंबून असते.

मराठीतील उदाहरण

विशाल फुरिया दिग्दर्शित 'लपाछपी' हा मराठी भयपट २०१७ साली महाराष्ट्रात प्रदर्शित झाला. पूजा सावंत व उषा नाईक यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत. उसाच्या फडातील एकाकी घरात आश्रयाला आलेल्या गर्भवती स्त्रीची ही कथा आहे. फुरिया यांनीच तिची 'छोरी' ही हिंदी पुनर्निर्मिती केली. ती २०२१ मध्ये अ‍ॅमेझॉन प्राइम व्हिडिओवर प्रदर्शित झाली. तीत नुसरत भरुचा व मीता वशिष्ठ यांनी भूमिका केल्या. भाषा, पात्रांची नावे व कलाकार बदलले. मात्र ऊस, गर्भवती नायिका व स्त्रीभ्रूणहत्येचा विषय कायम राहिला. गर्भलिंगनिदानाला प्रतिबंध करणारा कायदा १९९४ साली संमत झाला. तरीही २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ० ते ६ वयोगटात दर हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. भाषा बदलूनही ही भीती बोथट होत नाही, याचे कारण ती पडद्याबाहेरील वास्तवातून येते.

परिसराचे महत्त्व

भीमा नदीवरील उजनी धरणाच्या पाण्यामुळे सोलापूर जिल्ह्यातील करमाळा, माढा या तालुक्यांत उसाचे क्षेत्र विस्तारले. धरणाकाठच्या गावांना उसाने वेढलेली वस्ती परकी नाही. पूर्ण वाढलेला ऊस माणसाच्या उंचीहून बराच उंच असतो. त्यात चार सऱ्यांपलीकडचे दिसत नाही आणि पाचटाची सळसळ पावलांचा आवाज झाकते. शहरी प्रेक्षकाला हे दृश्यच भयावह वाटते. फडात रोज वावरणाऱ्याला मात्र केवळ ऊस घाबरवू शकत नाही; त्याच्यासाठी भीती घरातील माणसांच्या वागण्यातून निर्माण व्हावी लागते.

इतर उदाहरणे

'मणिचित्रताळ' (१९९३) या मल्याळम चित्रपटात तमिळ नर्तकीची कथा आहे. 'भूलभुलैया' (२००७) या हिंदी रूपांतरात ती बंगाली झाली. येथे नर्तकीचे परकेपण टिकवून तिची भाषा बदलण्यात आली. 'रिंगू' (१९९८) या जपानी चित्रपटातील शापित चित्रफीत 'द रिंग' (२००२) मध्ये अमेरिकी घरात पोहोचली. याउलट, 'सायको'ची १९९८ मधील जवळजवळ दृश्यागणिक केलेली नक्कल समीक्षकांना रुचली नाही.